धावड्याखालचे बीळ आणि सांबराचे शिंग

एका जंगलात, धावड्याची झाडे दाट वाढलेल्या उतारावर, एक म्हातारा खवल्या राहत असे. खवल्या म्हणजे खवले मांजर. नावात मांजर असले तरी मांजराशी त्याचे काही नाते नाही. त्याच्या अंगावर कौलांसारखे एकावर एक खवले बसवलेले असतात. तोंडात एकही दात नसतो, डोळ्यांना बेताचेच दिसते, पण जीभ मात्र अशी लांब की वारुळात घातली तर तळाची वाळवीसुद्धा चाटून वर येते. आणि माती उकरावी तर त्यानेच. या कामात त्याचा हात धरणारे त्या जंगलात कोणी नव्हते.

तरुणपणी त्याने दोन बिळे खणली होती. एक लहान, आपल्यापुरते. दुसरे मोठ्या धावड्याच्या बुंध्याखाली, चांगले ऐसपैस, लेकराबाळांसाठी. पुढे लेकरे मोठी झाली, डोंगरापलीकडे निघून गेली आणि मोठे बीळ रिकामे पडले. कोणी राहत नसले की बिळात ओल धरते, म्हणून खवल्या ते भाड्याने देऊ लागला.

बीळ तीन खोल्यांचे होते. पुढची खोली, मधली खोली आणि शेवटी एक अरुंद खोली, जिला मागचे दार होते. मधली खोली सगळ्यात उबदार. तिच्या छतातून धावड्याची दोन जाड मुळे आडवी गेली होती. आपल्या घराला तुळया असतात ना, तशीच ती. वरची सगळी माती त्या दोन मुळांवर तोललेली होती.

भाडे काही फार नव्हते. दर चार दिवसांनी एका नव्या वारुळाची बातमी आणून द्यायची. कुठे वारूळ उठले, कोणत्या बाजूने मऊ आहे, एवढे सांगितले की झाले. शिवाय राहायला येताना आपली एखादी जीव जडलेली वस्तू मालकाकडे ठेवायची आणि जाताना बीळ धड असेल तर ती परत न्यायची. मोठी माणसे याला अनामत म्हणतात.

आणि एक रीत होती, ती त्या जंगलात सगळेच पाळत. बीळ एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जाईल त्या दिवशी जुना भाडेकरू, नवा भाडेकरू आणि मालक, तिघांनी आपली पाठ छताला घासत सगळ्या बिळातून एक फेरी मारायची. छत जिथे कच्चे असेल तिथे पाठीवर माती पडते. ती माती कोणाच्या वेळची, हे मग तिघांच्या देखत, तिथल्या तिथे ठरते. या रीतीला पाठफेरी म्हणत.

तर या बिळात एक साळिंदर राहायला आला. त्याच्याजवळ सांबराचे एक जुने शिंग होते. कुठे झाडाखाली गळून पडलेले, चांगले जाडजूड, तीन फाट्यांचे. त्या शिंगावर त्याचा फार जीव. खवल्याने तेच अनामत म्हणून मागितले.

साळिंदर अंग आखडून उभा राहिला. हे सोडून दुसरे काहीही मागा, असे तो म्हणाला.

"अरे, ज्याच्यावर जीव नाही ते ठेवून घेऊन मी काय करू?" खवल्या म्हणाला. "इथेच राहील, माझ्या उशाशी. जाताना घेऊन जा."

साळिंदर पुढे बोलला नाही. खरे म्हणजे त्याने बोलायला हवे होते. साळिंदराचे दात जन्मभर वाढत राहतात. रोज काहीतरी टणक कुरतडले नाही तर ते इतके लांब होतात की तोंड मिटता येत नाही. ते शिंग त्याला त्यासाठी लागत असे. पण ज्याच्या तोंडात दातच नाहीत त्या म्हाताऱ्याला हे कळावे कसे? आणि साळिंदराला वाटले, दातांची तक्रार काय सांगायची, हसतील.

पहिले काही दिवस त्याने वाळक्या फांद्यांवर भागवले. त्यांचा लगेच भुसा होई. दगड चावून पाहिला, तर डोक्यात कळ गेली. मग एके दिवशी थंडीत तो मधल्या खोलीत उताणा पडला होता. डोळ्यांसमोर छतातले मूळ होते. चांगले टणक, जाड. थोडेसेच, असे म्हणून त्याने दात लावले. दातांना बरे वाटले. शिवाय धावड्याचा डिंक पाझरला, तो चवीला गोड होता.

थोडेसेच म्हणता म्हणता दोन हिवाळे गेले. मागच्या बाजूचे मूळ अर्ध्याहून जास्त खाऊन झाले, पुढचेही बरेच पोखरले गेले. वारा सुटला की छतातून कुरकुर ऐकू येई. साळिंदराला मधल्या खोलीत झोपायची भीती वाटू लागली. तेव्हा त्याने ओढ्यापलीकडच्या कपारीत जागा पाहिली आणि खवल्याला सांगितले, की तिकडची हवा मला मानवते, मी बीळ सोडतो.

जाण्याआधी त्याने एक काम केले. ओढ्याची चिकण तांबडी माती आणून सगळे बीळ आतून लिंपून काढले. भिंती लिंपल्या, छत लिंपले, मुळांवर तर दोन हात दिले. बीळ असे दिसू लागले की जणू आजच खणले आहे.

याच सुमारास एक मुंगूसबाई घराच्या शोधात फिरत होती. तिचे दिवस भरत आले होते. आधीचे बीळ दोन खडकांमध्ये होते, ते फार थंड. पिल्ले जन्मायच्या आत उबदार घर मिळावे एवढेच तिच्या मनात होते. धावड्याखालचे बीळ रिकामे होते आहे हे कळताच ती दारात येऊन उभी राहिली. अनामत म्हणून तिने एका मोठ्या नागाची अख्खी कात आणली होती. तो नाग कात टाकत असतानाच तिने त्याला मारले होते, आणि ती कात ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवत असे.

पाठफेरीसाठी तिघे जमले. खवल्याने दारातून डोके आत घातले, वास घेतला आणि तिथेच थांबला. लिंपण अजून ओले होते.

"किती छान लिंपलंयस रे," तो साळिंदराला म्हणाला. "आजवर कोणी जाताना असं करून गेलं नाही. मी आत आलो तर माझ्या खवल्यांनी सगळं खरवडून निघेल. तुझी मेहनत कशाला वाया घालवू?"

साळिंदराच्या पाठीवरचे काटे जरासे खुळखुळले. मन शांत नसले की साळिंदराचे काटे वाजतात. तो म्हणाला, की माझे काटेही लागतीलच, वाळल्यावर करू पाठफेरी, आता काय घाई आहे.

राहिली मुंगूसबाई. तिचे अंग मऊ, ती एकटी सहज फिरून आली असती. ती आत गेलीसुद्धा. मधल्या खोलीत तिच्या कानावर मातीचा एक खडा पडला. पण बाहेर दोघे वडीलधारे इतके कौतुक करत होते की त्यात खोट काढणे तिला जड गेले. पहिल्याच दिवशी कुरबुर केली तर म्हातारा म्हणेल दुसरीकडे बघ, अशीही धास्ती होती. ती बाहेर येऊन एवढेच म्हणाली, "छान आहे, आजोबा."

खवल्याने शिंग साळिंदराला परत दिले, कात आपल्या उशाशी ठेवली आणि तिघे आपापल्या वाटेला गेले. लिंपण दोन दिवसांत वाळले. पाठफेरीची आठवण मात्र कोणालाच झाली नाही. साळिंदराला होती, पण तो ओढ्यापलीकडे होता. आणि तो मनाशी म्हणत असे, की राहणाऱ्याला दिसेलच की.

मुंगूसबाईला चार पिल्ले झाली. मिटल्या डोळ्यांची, बोराएवढ्या डोक्यांची. तिने मऊ गवत अंथरून त्यांना मधल्या खोलीत, पुढच्या मुळाच्या अगदी खाली ठेवले, कारण सगळ्यात जास्त ऊब तिथेच होती. भाड्याची बातमी ती चार दिवसांनी द्यायची तर दोन दिवसांनीच देई. खवल्याही दिवस मावळला की धावड्याखाली येऊन बसे. पिल्लांचे आवाज ऐके. त्याची आपली लेकरे डोंगरापलीकडे गेल्याला फार वर्षे झाली होती. तो आत कधी जात नसे, अंगाचे खवले पिल्लांना बोचतील म्हणून. दारातूनच जीभ लांब करून तो एकेका पिल्लाला शोधायचा प्रयत्न करी. ती पोहोचत नसे, आणि मुंगूसबाईला हसू येई.

बिळात येऊन तिला तीन आठवडे झाले. मग एका सकाळी शेवटच्या खोलीच्या तोंडाशी धप्प झाले. मागचे मूळ मोडले होते. लिंपणाचा मोठा पोपडा आणि त्यामागून टोपलीभर माती खाली आली. मागचे दार बंद झाले. पिल्ले माखली, रडू लागली, पण कोणाला लागले नाही.

मुंगूसबाईने त्यांना पुसून गवतात ठेवले आणि ती खवल्याकडे गेली. खवल्या रात्रभर हिंडून नुकताच झोपला होता. त्याने डोळे न उघडताच सगळे ऐकले.

"पोरी, राहणारी तू," तो म्हणाला. "तुझ्या राहण्यात पडलं, तर नीट करणंही तुझ्याकडेच. जंगलात असंच चालत आलंय. नीट होत नसेल तर बीळ सोड, मी दुसऱ्याला देईन."

मुंगूसबाई म्हणाली, की मी एक नखसुद्धा लावलेले नाही. आणि या थंडीत चार मिटल्या डोळ्यांची पिल्ले घेऊन मी जाऊ कुठे? एवढेच ती बोलली. रडली नाही की भांडली नाही, नुसती दारात बसून राहिली. खवल्याने दोनदा कूस बदलली. झोप काही येईना. शेवटी पुटपुटत तो उठला आणि तिच्यामागून निघाला.

साळिंदर राहायला आला तेव्हाच्या पाठफेरीनंतर बिळात तो आज पहिल्यांदा शिरत होता. पिल्लांना आपले खवले लागू नयेत म्हणून तो भिंतीला चिकटून, एका कडेने, शेवटच्या खोलीच्या तोंडाशी गेला. अंधारात त्याला काही दिसत नव्हते, पण त्याची जीभ होती. मोडलेल्या मुळावरून त्याने ती फिरवली. एकदा, मग परत एकदा.

"हे मोडलेलं नाही, हे कुरतडलेलं आहे," तो सावकाश म्हणाला. "तुझे दात करवंदीच्या काट्यासारखे आहेत. हे घाव पटाशीने मारावेत तसे रुंद आहेत. आणि जखमेवरचा डिंक सुकून दगड झालाय. तीन आठवड्यांत डिंक असा होत नाही. हे दोन हिवाळ्यांपासून चाललंय."

ते कोणाचे दात, हे सांगायची गरज नव्हती. खवल्याला राग आला. म्हाताऱ्यांना राग येतो तेव्हा बाकी काही सुचत नाही. पुढचे मूळही चाचपून पाहावे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. चल, त्याला विचारू, एवढेच तो म्हणाला. मुंगूसबाईने पिल्लांवर गवत सारले, दाराशी वाळका पाला लोटला आणि दोघे ओढ्यापलीकडे निघाले. खवल्याचे चालणे तुम्हाला माहीत नाही, मुलांनो. तो पुढचे पाय मुठीसारखे दुमडून, झुलत झुलत चालतो. ओढा गाठेपर्यंत ऊन चांगले वर आले.

कपारीतून करकर करकर असा आवाज येत होता. साळिंदर खरे तर दिवसा झोपणारा. पण त्याला हल्ली झोप लागत नव्हती. तो शिंग कुरतडत बसला होता.

खवल्याने काय घडले ते सांगितले. साळिंदराचे काटे खुळखुळू लागले.

"मी सोडलं तेव्हा सगळं धड होतं, दादा," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणालात छान लिंपलंय म्हणून. शिंगही तुम्हीच हातात दिलंत. आता तीन आठवड्यांनी येऊन मला विचारताय? आत कोण राहतंय, मी की ती? मुंगसांना उकरायची खोड असतेच. तिला विचारा."

खवल्या म्हणाला, की माझ्या जिभेला डिंकाचे वय कळते. साळिंदर म्हणाला, की जीभ म्हातारी झाली म्हणजे तिला काहीही कळते. असे बरेच चालले. मुंगूसबाई इतका वेळ बाजूला उभी होती. वाटेत चालताना तिला मधल्या खोलीत कानावर पडलेला तो खडा आठवला होता. ती पुढे झाली.

"साळिंदरकाका, चूक कोणाची ते नंतर ठरवा," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, दुसरं मूळ धड आहे का? पिल्लं त्याच्या खाली झोपलीत."

साळिंदराच्या दातांखालचे शिंग खाली पडले. काट्यांची खुळखुळ थांबली.

"मधल्या खोलीत?" त्याने विचारले.

"हो. ऊब तिथेच आहे."

साळिंदराने मान खाली घातली. "तेही मीच खाल्लंय," तो म्हणाला. "आतून पोकळ आहे. एक मोडलं म्हणजे सगळा भार आता त्याच्यावर आलाय. चल, पळ."

आणि तो स्वतःच पळत सुटला. मुंगूसबाई त्याच्याही पुढे गेली. खवल्या मागे राहिला. खवल्या धावला असे कोणी कधी पाहिले नव्हते. त्या दिवशीही तो धावला असे म्हणता येणार नाही, पण ओढा ओलांडताना तो दोनदा पडला आणि दोन्ही वेळा न थांबता उठला.

बिळात लिंपणाला बोटभर भेग गेली होती. मूळ कुरकुरत होते. पिल्लांच्या गवतावर बारीक माती पडत होती. साळिंदर आत शिरला, पिल्लांच्या वर पाय फाकून उभा राहिला आणि त्याने आपली पाठ छताला लावली. त्याचे काटे लिंपणात घुसले, मातीत रुतले. मूळ कडकन मोडले, आणि सगळा भार त्याच्या पाठीवर आला. जी पाठ त्याने तीन आठवड्यांपूर्वी लावायला हवी होती, ती आता लावली होती.

"एकेक करून ने," तो दाबल्या आवाजात म्हणाला. "घाई कर, पण धडपडू नकोस."

मुंगूसबाईने पहिले पिल्लू मानेला धरून बाहेर नेले. मग दुसरे, मग तिसरे. साळिंदराचे पुढचे पाय वाकत चालले होते. चौथे पिल्लू सगळ्यात लहान आणि सगळ्यात वळवळे. ते सरपटत त्याच्या पोटाखाली जाऊन बसले होते. आईला ते सापडेना. साळिंदराने एक पाय उचलून हळूच त्याला पुढे ढकलले. तीन पायांवर सगळे छत. मुंगूसबाईने पिल्लू उचलले आणि ती दाराकडे झेपावली. ती उन्हात आली तेव्हा मागे आवाज झाला, आणि मधली खोली बसली.

याच वेळी खवल्या धापा टाकत पोहोचला. त्याने पिल्ले मोजली नाहीत की काही विचारले नाही. कोण आत आहे ते त्याला कळले. त्याने नखे मातीत घातली. तुम्हाला सांगतो, तरुणपणी ज्याने ते बीळ चार दिवसांत खणले होते, त्याने म्हातारपणी मधल्या खोलीपर्यंतची माती पाऊण तासात बाजूला केली. मागे मातीचा नुसता फवारा उडत होता. मग त्याच्या नाकाला काहीतरी कचकन टोचले.

"सापडला," खवल्या म्हणाला, आणि नाकात काटा तसाच ठेवून त्याने साळिंदराला शेपटीकडून बाहेर ओढले.

साळिंदर जिवंत होता. निम्मे काटे मोडले होते, एक पाय दुखावला होता, तोंडात माती गेली होती. तो बराच वेळ उन्हात पडून राहिला. मुंगूसबाईने खवल्याच्या नाकातला काटा काढला. मग सर्वांत लहान पिल्लू, ज्याला अजून कशातले काही कळत नव्हते, ते सरपटत साळिंदराच्या पोटाशी गेले आणि तिथे झोपले. तिथे ऊब होती.

पिल्लू पोटाशी आले तेव्हा साळिंदराने सगळे सांगून टाकले. दात कसे वाढतात, शिंग कशाला लागते, पहिल्यांदा मुळाला तोंड कसे लावले, लिंपण कशासाठी केले. बीळ सोडले ते हवेसाठी नव्हे, भीतीने सोडले, हेही सांगितले. "मला भीती वाटत होती त्या जागी मी दुसऱ्याला राहू दिलं," तो म्हणाला. "मूळ कुरतडलं त्याहून हे वाईट."

खवल्या ऐकत होता. शिंगाची गोष्ट आली तेव्हा त्याने हळूच आपली शेपटी पोटाशी घेतली, डोके आत घातले आणि अंगाचा गोळा केला. खवल्याला लाज वाटली की तो असे करतो. त्या गोळ्यातून बारीक आवाज आला.

"म्हणजे दोन हिवाळे ते शिंग माझ्या उशाशी पडून होतं, आणि तू इथे माझं घर खात होतास. विचारलं असतं मी, एवढं का जीव टाकतोस त्या शिंगावर, तर मूळ वाचलं असतं. आणि लिंपण खरवडेल म्हणून मी आत गेलो नाही. घर माझं, आणि मीच पाहिलं नाही. वर या पोरीला म्हणालो, बीळ सोड."

"आजोबा, बाहेर तरी या," मुंगूसबाई म्हणाली. "मातीचा खडा तर माझ्या कानावर पडला होता. मी बोलले नाही."

"तुझ्याकडे काही निघत नाही, पोरी," गोळ्यातून आवाज आला. "तू आलीस तेव्हा ते खाऊन झालं होतं. तू बोलली असतीस तर बरं झालं असतं, एवढंच."

त्या दिवसापासून पिल्ले आणि आई खवल्याच्या लहान बिळात राहिली. खवल्या बाहेर, धावड्याखाली झोपे. दिवसभर तो खणे. बसलेली माती त्याने काढली, मधली खोली आणखी खोल आणि रुंद केली. मागचे दार मोकळे केले. साळिंदर लंगडत चिकण माती आणून टाकी. पण छताला आधार कशाचा द्यायचा, हा प्रश्न राहिला. मुळे तर गेली. लाकूड लावावे तर ते वाळवी खाणार, आणि वाळवीमागे खवल्या येणार, असे मुंगूसबाई म्हणाली, तेव्हा खवल्यालाही हसू आले.

पाचव्या दिवशी साळिंदर ओढ्यापलीकडे गेला आणि तोंडात सांबराचे शिंग धरून आला. त्याने ते मधल्या खोलीत नेले, बुंधा जमिनीत रोवला आणि तिन्ही फाटे छताला टेकवले. ते असे घट्ट बसले की जणू त्याच कामासाठी वाढले होते. खवल्याने विचारले, की अरे, मग तुझ्या दातांचे काय? साळिंदर म्हणाला, की बघीन काहीतरी.  तेव्हापासून वारुळे शोधत हिंडताना खवल्याला कुठे हाड दिसले, कुठे गळलेले शिंग दिसले, की ते शेपटीत गुंडाळून आणून तो कपारीच्या तोंडाशी ठेवू लागला. मालकाने भाडेकरूला भाडे द्यावे तसे ते दिसे, आणि सारे जंगल त्यावरून दोघांची थट्टा करी.

लिंपण मात्र खवल्याने लगेच कोणालाच करू दिले नाही. आधी तिघांनी उघड्या मातीला पाठ घासून फेरी मारली. एक कणही पडला नाही. मग मुंगूसबाईने आपल्या हाताने लिंपले.

पुढच्या हिवाळ्यात पिल्ले मोठी झाली आणि मुंगूसबाईला टेकडीवर मोठे बीळ मिळाले. धावड्याखाली आता सशाचे एक तरुण जोडपे राहायला येणार होते. पाठफेरीला सगळे जमले. साळिंदरालाही बोलावले होते. ससा लाजाळू. तो म्हणाला, की राहू द्या, बाहेरूनच किती छान दिसते आहे. तेव्हा खवल्या आणि मुंगूसबाई एकाच वेळी म्हणाले, "आत चल."

मुंगूसबाईने स्वतःहून आधी पुढच्या खोलीतला एक कोपरा दाखवला. तिथे पिल्लांनी खेळताना वीतभर खड्डा केला होता. हा माझ्या पोरांचा, बुजवूनच जाईन, असे ती म्हणाली, आणि सशाच्या देखत तिने तो बुजवला. सगळ्यात लहान पिल्लू, जे आता आईएवढे झाले होते, ते साळिंदराच्या पाठीमागे पाठ उंच करून चालत होते.

मधल्या खोलीत खवल्याने सवयीने शिंगावरून जीभ फिरवली. बुंध्याशी ती थबकली. तिथे दोन बारीक, रुंद खुणा होत्या. त्याने काही विचारायच्या आधीच मागून काटे वाजले.

"त्या दोन माझ्या, दादा," साळिंदर म्हणाला. "परवा बोलत बसलो होतो, तेव्हा चुकून तोंड लागलं. दोनच आहेत. हात लावून मोजून घ्या, आणि सशालाही दाखवा."

खवल्याने सशाला जवळ बोलावून त्या दोन खुणा दाखवल्या. मग उशाशी जपून ठेवलेली नागाची कात काढून त्याने मुंगूसबाईला परत दिली. तिचा एकही खवला मोडला नव्हता.

तात्पर्य : जागा सोडताना आपल्या हातून झालेली मोडतोड झाकून जाऊ नये, नव्या माणसाला ती सांगून, दाखवून जावे, आणि घर कितीही छान दिसले तरी सोडणारा, येणारा आणि मालक या तिघांनी ते एकत्र, आतून पाहावे, कारण जे पाहायचे राहून जाते त्याचा भार ज्याने काही केलेले नाही त्याच्यावर पडतो.